एकटीनं मागची लिफ्ट

"साहेब संगं असतील तर ही लिफ्ट. एकटीनं मागची."

एवढं बोलून लिफ्टमननं जाळीचं दार माझ्या तोंडावर ओढून घेतलं. थोड्या वेळापूर्वी त्याच लिफ्टनं मी खाली उतरलते. साहेबांच्या काखेत हात घालून, त्यांचं सगळं वजन माझ्या अंगावर घेऊन. समुद्राकडच्या बाकावर त्यांना बसवलं, तर म्हणले, मफलर. मफलर वर राहिलेला. तो आणायला एकटी परत आले आणि तेवढ्यात मी त्या लिफ्टला चालेनाशी झाले.

मुंबईतली समुद्राकाठची जुनी इमारत. गोल गोल बाल्कन्या, खाली संगमरवर, पितळेचे कठडे रोज पुसून लख्ख. लोक फोटो काढायला येतात. मागची बाजू कुणी फोटोत घेत न्हाई. तिथं कचऱ्याचे डबे, गॅसच्या टाक्या आणि आमी, सगळ्यांना मिळून एक लिफ्ट.

मी बीडकडची. घाटनांदूरच्या पलीकडं आमचं खेडं. अंबाजोगाईला नर्सिंग शिकले आणि एजन्सीमार्फत या घरी लागले. साहेबांना लकवा मारलेला. उजवी बाजू गेलती, वाचा गेलती. त्यांचं हागणं-मुतणं काढलं. पहिलं पाऊल टाकायला लावलं. रोज सकाळी समोर बसून एकेक शब्द म्हणवून घेतला. पाणी म्हणा. हो म्हणा. न्हाई म्हणा.

लिफ्टचं मी बाईसाहेबांना विचारलं. म्हणजे त्यांच्या बायकोला. त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्ही नाही केला हा नियम. हेरिटेज बिल्डिंग आहे ही. पहिल्यापासून असंच चालत आलंय."

पहिल्यापासून. हा शब्द घेऊनच आमी जन्माला येतो. गावात पाण्यासाठी भांडलं की हाच शब्द, स्मशानासाठी भांडलं की हाच. मला वाटलतं, एवढ्या लांब आल्यावर तरी सुटंल. न्हाई सुटला. आणि मी गपगुमान मागच्या लिफ्टनं जात राहिले, कारण पोट कुणाला चुकलंय.

मग दिवाळीच्या आधी आई आली. गावात सांगत फिरायची, माझी पोरगी समुद्राम्होरच्या महालात कामाला हाय. साहेबांसाठी तिनं बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं आणली. पाटीभर, पाचोळ्यात घालून. एसटीत रातभर मांडीवर धरली, एक फुटू दिलं न्हाई. मी तिला फाटकातून आत आणलं, चार पावलं गेले आणि मागं बघितलं. आई संगमरवराच्या कडेला उभी. डोक्यावर पाटी, हातात चपला.

"कावून काढल्या गं?"

"लई साफ हाय बाई. डाग पडंल."

डाग कसला. पाटलाच्या दारावरनं जाताना तिनं जन्मभर अशाच चपला हातात घेतल्या. आमच्या आज्यानं धर्म बदलला, घरातले देव नदीत सोडले, पोरांना ताठ मानेनं चाला म्हणून सांगितलं. आईच्या पायांपर्यंत ते पोचलंच न्हाई.

तेवढ्यात बाईसाहेब फिरून आल्या. अनवाणी आईकडं बघून खूश झाल्या.

"बघ, जुन्या लोकांना रीत कळते. फळं मागच्या लिफ्टनं वर पाठव. आई बसेल इथं पायरीवर."

फळं वर, आई पायरीवर. माझं डोकंच सणकलं. आईच्या हातातल्या चपला घेतल्या आणि तिच्या पायापुढं ठेवल्या.

"घाल."

"आगं पर..."

"घाल म्हणते ना."

तिनं घातल्या. तिला हाताला धरून पुढच्या लिफ्टमध्ये नेलं. लिफ्टमन म्हणाला, "ताई, मला बोलणी बसतील." म्हणलं, "बसू दे. मला रोज बसतात." जाळी मीच ओढली. बाईसाहेब बाहेर उभ्या राहिल्या. आमच्या संगं आत आल्या न्हाईत.

वर साहेब खुर्चीत बसलेले. आईनं पाटी खाली ठेवली, त्यातलं मोठं सीताफळ निवडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "खावा भाऊ. आमच्याकडली हायेत."

मागनं बाईसाहेब आल्या. मला म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस."

मी साहेबांकडं बघितलं. वाचा आलती त्यांना. न्हाई म्हणायला मीच शिकवलतं. एवढासा शब्द. ते भिंतीकडं बघत बसले.

बाईसाहेबांचा राग आला आणि गेला. साहेबांचा अजून जात न्हाई. मी पाटी उचलली. त्यांच्या मांडीवरचं सीताफळसुद्धा उचललं आणि पाटीत टाकलं. पुढच्याच लिफ्टनं खाली आलो. रस्त्यावर आई रडायला लागली. "आपल्याच पोटावर पाय दिलास गं." म्हणलं, "दिला."

आता एजन्सीवाला माझ्यावर वैतागतो. कुठलंही घर सांगितलं की मी आधी लिफ्टचं विचारते, पगाराचं नंतर. दोन कामं गेली. आणखी जातील. कुणी अंथरुणावर पडलंय म्हणलं की अजून जीव कळवळतो, हात आपोआप पुढं होतात. ते मी मागं घ्यायला शिकले. ज्याला माझा हात काखेत पाहिजे, त्यानं माझे पाय पुढच्या दारानं येऊ द्यायचे. न्हाईतर ऱ्हा म्हणावं पडून.