बारशाला उचललेली गादी

भाई कुठेही बसण्याआधी त्या जागेवर पंजा रोवायचे. सोफा असो, मोटारीची सीट असो, नाहीतर न्हाव्याची खुर्ची. दाबायचं, हात उचलायचा आणि उमटलेल्या खड्ड्याकडे टक लावून बघायचं. खड्डा लगेच भरून आला तर "पास!" नाही आला तर "खलास!" एकदा आमच्याकडे त्यांनी बशीतला ढोकळासुद्धा दाबून पाहिला. "वहिनी, ढोकळा पास. तुमचा सोफा मात्र खलास!"

अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाचे भाग पाडून आम्ही भाडेकरू राहायचो. आम्ही वर, भाई खाली. मूळचे रत्नागिरीकडचे. शेजारच्या मुसाफा या कारखान्यांच्या वस्तीत त्यांचं सोफे आणि गाद्या बनवायचं दुकान होतं. आपल्या घरात काय शिजतंय हे जिन्यातूनच ओळखणारा असा एखादा शेजारी तुम्हालाही लाभला असेल. माझ्या बायकोने वालाचं बिरडं केलं की भाई खालूनच ओरडायचे, "वहिनी, मी येऊ की डबा पाठवू?"

मग मंदी आली. माझ्या मुलाची दुबईतली कंपनी बंद झाली आणि तो बायको आणि तान्ह्या मुलीसह आमच्याकडे आला. त्या दिवसांत लोक भरली घरं टाकून निघून जात होते. दुबईच्या देरा भागातल्या अशाच एका कुटुंबाकडून मी बाळाची कॉट आणली, दुसऱ्याकडून गादी. जाडजूड, लोण्यासारखी मऊ. नातीसाठी आपण काहीतरी केलं, या आनंदात मी ती भाईंना दाखवली.

भाईंनी पंजा दाबला. हात उचलल्यावरही पाची बोटं गादीत तशीच होती.

"खलास," ते म्हणाले. या वेळी हसले नाहीत. "साहेब, बाळाचं तोंड यात रुतेल. आणि गादी आणि कॉटमधली ही फट बघा, माझा अख्खा हात आत जातो. मी मापाची टणक गादी करून देतो."

"टणक? मग पाटावरच निजवतो की!"

"पाट बरा. पाटात बाळ बुडत नाही."

मला राग आला. धंदा बसलाय म्हणून गिऱ्हाईक शोधतायत, असंही मनात येऊन गेलं. बायकोने नातीसाठी जुन्या साड्यांची गोधडी शिवली होती. तिची गुंडाळी करून मी ती फटीत कोंबली आणि विषय संपवला.

मुलाच्या नोकरीच्या घोरात बारसं लांबत तीन महिन्यांवर गेलं. पाळणा कुठून आणणार? त्याच कॉटला फुलांच्या माळा बांधल्या. नाव ठेवून झालं. पोरगी झोपली, तिला कुशीवर निजवून बायका पानं वाढायला बाहेर गेल्या. भाई खजुराचा डबा घेऊन उशिरा आले. "यल्ला, चला साहेब, आधी छोकरी दाखवा."

आम्ही दोघंच आत गेलो.

मऊ गादी कडेला खचली होती. पोरगी घरंगळून फटीकडे गेली होती आणि तिचं नाक-तोंड गोधडीत दडलं होतं. मी बघतच राहिलो. भाईंनी एका हाताने तिला उचललं, दुसऱ्याने गादी, गोधडी, माळा, सगळं ओढून खिडकीबाहेर अंगणात फेकलं. क्षणभर आवाजच नव्हता. मग पोरगी किंचाळून रडली.

बायका धावत आल्या. त्यांना दिसली ती रिकामी कॉट आणि अंगणात पडलेलं अंथरूण. आपल्यात अंथरूण असं बाहेर टाकतात ते कोणी गेल्यावर, हे तुम्हाला सांगायला नको. भाईंच्यात ती रीत नाही, त्यांना ते ठाऊक नसावं.

"अहो, बारशाच्या दिवशी अंथरूण उचललंत?" माझी बायको ओरडली. सुनेने पोरगी भाईंच्या हातातून हिसकावून घेतली.

भाई माझ्याकडे वळले. "साहेब, तुम्ही बघितलंत. सांगा ना."

गादी मी आणलेली. गोधडी मी कोंबलेली. बाहेर नोकरी गेलेला मुलगा व्याह्यांना पानावर बसवत होता. मी म्हणालो, "भाई, जाऊ द्या. जरा घाईच झाली तुमची."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग रडणाऱ्या पोरीकडे. "रडतेय ना? बस," इतकंच म्हणाले आणि जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी दाराशी एक गादी उभी करून ठेवलेली होती. टणक, कॉटमध्ये चारी बाजूंनी चपखल बसणारी, वर सुती खोळ. मी घरात सांगितलं, मॉलमधून आणली. पोरगी तिच्यावरच वाढली.

भाईंचा हात अपशकुनी, असं व्हिलात बोललं जाऊ लागलं. लहान मुलं असलेल्या घरांतून त्यांना बोलावणं येईना. बिरड्याचा वास खाली जायचा, हाक वर यायची नाही. पुढे दुकान बंद करून ते गावी निघाले, तेव्हा मी खिडकीच्या पडद्याआड उभा होतो. टॅक्सीत बसण्याआधी त्यांनी सीटवर पंजा दाबला. वर मात्र बघितलं नाही.

नंतर त्यांचा फोन लागला नाही. रत्नागिरीच्या एका ओळखीच्या माणसाने मागल्या वर्षी सांगितलं, भाई गेले.

परवा बायको आणि नात कपाट आवरत होत्या. ती टणक गादी निघाली. नातीने बोटाने टोचली. "आजी, इट्स लाइक अ रॉक! मी ह्यावर झोपायचे?"

"आजोबांनी मॉलमधून आणली होती," बायको म्हणाली.

मी खाली बसलो आणि दोघींना सगळं सांगितलं. फट, गोधडी, पोरीचं तोंड, आणि माझं ते वाक्य.

बायकोने गादीवर पंजा ठेवला, दाबला, उचलला. खड्डा भरून आला तरी ती तिथेच बघत होती.

"बारशाच्या दिवशी बिरडं त्यांच्यासाठीच केलं होतं," ती म्हणाली. "भाई उपाशी गेले हो आपल्या घरून."