शांपूचं मूळ घिवलीत

चेपणीमावशी घरात शिरली की माणसाचं तोंड बघायची नाही, आधी पाय बघायची. टाच अंगठ्यानं दाबून विचारायची, "झोप नाय ना झाली?" नाहीतर "सासूचं पत्र आलं काय गं?" आणि दर वेळी खरं निघायचं. मला तर तिच्यासमोर पाय पोटाशी घेऊनच बसावंसं वाटे.

तिचं नाव वेणू. घिवलीची कोळीण. सकाळी बोंबील वाळत घालायचे आणि मग आमच्या वसाहतीत येऊन बाळंतिणींना, बाळांना तेल लावून न्हाऊ घालायचं, हा तिचा क्रम. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं तेव्हाची गोष्ट. हे तिथे ड्राफ्ट्समन होते. मी साताऱ्याकडची, चौथी शिकलेली, आणि भोवती सगळ्या इंग्रजी शब्द पेरून बोलणाऱ्या बायका. त्यात पहिलं बाळंतपण, जवळ आई नाही. मावशी आली नसती तर मी रडूनच संपले असते. तिच्या हाताला बोंबलाचा वास यायचा, खोबरेल तेलालाही तो दबत नसे. माझी मुलगी आज साठीला आली तरी बोंबलावर जीव टाकते, ते उगाच नाही.

चेपताना मी कधी "जोरात दाबा" म्हटलं तर चिडायची. "जोर काय करायचाय, होडी ओढायची हाय? जोर नाय, वजन द्यायचं." म्हणजे काय, ते मला बरीच वर्षं कळलं नाही.

तर एके दिवशी मावशी आली ती माझी टाच न बघताच चेपायला बसली. समोरच्या नागपूरकर वहिनींनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. त्याही नुकत्याच बाळंत झालेल्या. म्हणाल्या, बाळाला डॉक्टरांनी तेल दिलंय आणि केसांना आता शांपू आणलाय, उद्यापासून येऊ नका. ते ऐकून आणखी दोन घरं बंद झाली. मावशी माझे पाय चेपता चेपता म्हणाली, "त्या बाटलीला हात हायत काय गं? मग माझं काम ती कशी करनार?" हसत म्हणाली, पण वजन त्या दिवशी कुठेतरी दुसरीकडेच होतं.

आमच्या ह्यांना जाडजूड शब्दकोश वाचायचा नाद. लोक वर्तमानपत्र वाचतात तसा हे कोश वाचायचे. शांपू ऐकताच उठले आणि पान काढून बसले. "अगं, हा शब्द इंग्रजांचा नाहीच! आपल्याकडच्या हिंदी 'चांपो'वरून गेलाय. चांपो म्हणजे दाबा, चेपा. इंग्रज आधी अंग चेपून घेण्यालाच शांपू म्हणायचे. केस धुणं मागाहून चिकटलं."

मावशीचे हात थांबले. "म्हंजे मी करते ते शांपू?"

"मूळ अर्थानं, हो."

"आनि बाटलीत हाय ते?"

"ते नंतरचं."

झालं! मावशीनं पदर खोचला. दुसऱ्या दिवशी तिनं मला वहिनींकडून ती बाटली मागून आणायला लावली. वहिनींनी कौतुकानं दिली. मावशीनं मला पाटावर बसवलं आणि अर्धी बाटली कोरड्या डोक्यावर ओतून चेपायला लागली.

"मावशी, पाणी घालायचं असतं आधी!"

"गप बस. कोशात काय लिवलंय? चेपायचं. पानी मागून."

अर्धा तास चेपलं. मग तिनं वरून घंगाळभर पाणी ओतलं. पुढचं काय सांगू! फेस मोरीतून उतू गेला, ओटीवर आला, पायऱ्या उतरला आणि सामाईक गटारातून थेट नागपूरकरांच्या दाराशी पोचला. मी दिसेनाशीच झाले. हे ऑफिसला निघालेले, ते बूट हातात घेऊन उभे.

वहिनी बाळाला खांद्यावर टाकून धावत आल्या. रागावणार होत्या, पण माझं रूप बघून मटकन पायरीवर बसल्या आणि हसता हसता रडायलाच लागल्या. मावशीनं त्यांचं तोंड पाहिलं नाही. वाकून टाच दाबली. "बाय माझी, किती दिस झोपली नाय तू?" बाळ माझ्या हातात दिलं, आणि त्याच फेसाच्या हातांनी त्यांचं डोकं चेपायला घेतलं. पाच मिनिटांत वहिनी दाराच्या चौकटीला टेकून घोरायला लागल्या. मावशी माझ्याकडे बघून कुजबुजली, "ह्याला म्हंतात शांपू."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी स्वतः बोलावलं. मग बाकीची घरंही उघडली. उरलेला शांपू संपल्यावर ती बाटली मावशीनं मागून घेतली, तिच्यात खोबरेल भरलं, आणि पुढे जन्मभर तीच बाटली घेऊन दारोदार फिरली. नव्या सुनेला आधी लेबल दाखवायची, मग तेल.

आमची बदली झाली. बऱ्याच वर्षांनी मी घिवलीला गेले, तेव्हा मावशी खाटेला खिळली होती. फळीवर तीच बाटली, लेबल पुसून गेलेलं. मी तिच्या पायाशी बसले, हातावर तेल घेतलं. घाबरत घाबरत टाच दाबली. मग हात सैल सोडला आणि नुसतं वजन दिलं.

मावशीनं डोळे मिटले. "आता खरं तुला इंग्रजी आलं, पोरी," म्हणाली.