फ्रिजमागचं खुरपं

टेम्पोवाल्या दोघांनी फ्रिज भिंतीपासून ओढून तिरपा केला आणि मागून माझं खुरपं खणकन फरशीवर पडलं. मुठीला माझ्याच हिरव्या लुगड्याची चिंधी. नाही कसं म्हणणार?

त्या दिवसापर्यंत हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही — आणि तो जाऊन चार वर्षं झाली.

जुन्या मोठ्या वस्तू घरी येऊन उचलून नेणारी ही माणसं सुनेनं, सुनंदानं, फोन करून जालन्याहून बोलावली होती. मी नको म्हणत होते. बंद असला म्हणून काय झालं, त्यात पापड-कुरडयांना मुंगी लागत नाही, असं माझं म्हणणं. अकरा वर्षं मी तो तसूभर हलू दिला नाही. घरच्यांना वाटायचं, म्हातारीचा जीव आहे फ्रिजावर. जीव कशाला असेल? मागं खुरपं होतं.

फ्रिज सुनंदाच्या वडिलांनी आंदण दिलेला. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं — फ्रिजचं पाणी बाधतं, आपल्याला माठ बरा. आणि दुपारी घर रिकामं झालं की बर्फ खायचे. हो, मीच. वाटीत घेऊन, वर साखर घालून. काय लागायचं म्हणून सांगू!

एकदा बर्फ दगडासारखा धरला. निघेना. मग शेतात तण काढते तसं मी खुरपं घातलं. फस्स झालं. तेवढ्यात फाटक वाजलं, सुनंदा दळण घेऊन आली — खुरपं टाकलं फ्रिजमागं, वाटी घेतली पदराखाली.

संध्याकाळी फ्रिज गार होईना. मी म्हणाले, दिवसातून शंभरदा दार उघडल्यावर काय होणार? वर हेही म्हणाले, की बापानं दिला तोच बिघडलेला असेल. ती माठ भरायला गेली. खुरपं हरवलं म्हणून शेजारणीवर घेतलेला संशय वेगळाच.

तर खुरपं पडलं. टेम्पोवाल्यानं बर्फाच्या कप्प्यात बॅटरी मारली. "आजी, हे तर कुणीतरी लोखंडानं उकरलंय."

"मीच," मी म्हणाले. "बर्फ काढून राह्यल्ते."

सुनंदा खुरपं हातात घेऊन उंबऱ्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "आत्याबाई, मंग माठ कुणासाठी भरू राह्यले मी इतकी वर्षं?" टेम्पोवाल्यांनाही फ्रिज खाली टेकवावा लागला, इतके हसले. नवा फ्रिज आला तेव्हा पहिला बर्फ तिनं मलाच दिला. साखर घालून.

पण मी अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं — कसं सांगू? — हे असं आहे.

फ्रिज बिघडल्यावर आठवडाभरानं तिचे वडील स्वतः मिस्त्री घेऊन आले. सुनंदा लेकराला डोस पाजायला गेली होती. मिस्त्रीला भोक दिसलं असतं. मी दारातच म्हणाले, "तुमच्या भंगाराला आमच्या घरात हात लावायचा न्हाई."

त्यांनी टोपी सारखी केली आणि पायरीवरूनच फिरले. ते आल्याचं मी सुनंदाला सांगितलं नाही. तिनं कधी विषय काढला नाही, म्हणजे त्यांनीही सांगितलं नसणार.

चैत्राचं ऊन होतं. टेंभुर्णीहून केदारखेड्याला एसटीनं आलेला तो माणूस माझ्या दारातून पाणी न पिता परत गेला.