बारापर्यंतची बालवाडी

परवा शहापूरहून मुरबाडला जाताना सापगाव मागे पडले आणि जळत्या तुसाचा वास गाडीत शिरला. वीटभट्टी. हा वास कोणी अत्तराच्या कुपीत भरून ठेवणार नाही. मला मात्र त्याने एक वृद्ध बाई आठवतात. पांढऱ्या सुती साडीतल्या, कोकणातल्या बेने इस्रायली, म्हणजे ज्यू, घरातल्या, आमच्यापेक्षा चोख मराठी बोलणाऱ्या. वडिलोपार्जित पैसा त्यांनी या दोन तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवर बालवाड्या काढण्यात घातला. संस्थेचा कागदी कारभार तेव्हा माझ्याकडे होता. म्हणजे निमंत्रणपत्रिकाही मीच लिहीत असे.

मुरबाडकडच्या एका वाडीवर बालवाडीची इमारत पुरी झाली. उद्घाटनाची तारीख मी पाहुण्यांच्या सोयीने ठरवली, माघातली. मांडव, कोनशिला, नारळ, सगळे जय्यत; फक्त वाडीत माणसे नव्हती. दिवाळी सरताच, भट्टीमालकांकडून आगाऊ उचल घेतलेली कुटुंबे पोराबाळांसह भट्टीवर गेली होती. दर वर्षीच जातात. आसपासच्या साऱ्या गावांना ठाऊक असलेली ही गोष्ट एका मलाच ठाऊक नव्हती. कोणीतरी अक्कल लढवून शेजारच्या गावच्या शाळेतली पोरे आणून बसवली. बाईंनी पहिल्यालाच विचारले, "बालवाडीत काय शिकतोस रे?"

"बालवाडीत नाय, चौथीत हाय मी. वडे देनार म्हनून आनलंय आमाला."

पाहुणे खाकरले. बाई मनापासून हसल्या, पोरांना आधी वडे द्यायला सांगितले, आणि भाषणे सुरू होण्याआधीच वाडीतल्याच तरुण शिक्षिकेला घेऊन जीपमध्ये बसल्या. मीही मुकाट्याने मागे चढलो.

भट्टीवर ओल्या विटांच्या रांगा उन्हात मांडल्या होत्या आणि चार-पाच वर्षांची पोरे त्या एकेक करून उलटत होती. भट्टीच्या शेठने खाट टाकली, चहा मागवला. सकाळच्या वेळी पोरे आमच्या शिक्षिकेजवळ बसू द्या, एवढेच बाईंचे मागणे.

"मग इटा कोन उलटनार? तुमी?"

"मी वाकले तर मला उठवायला तुमचे चार गडी लागतील. परवडेल?"

शेठ हसला, पण मान हलवेना. तेवढ्यात कोपरापर्यंत चिखलाने भरलेली एक चिमुरडी शिक्षिकेला येऊन बिलगली. "बाय, आमी घरी कवा जायाचं?"

बाईंनी ओठाशी नेलेली बशी खाली ठेवली.

"शेठ, पोरीनं विचारलंय. उत्तर मिळाल्याशिवाय मला चहा घेता येणार नाही."

शेठने आग्रह केला, मग तो चिडला. चहावर साय धरली. बायामाणसे हातातले काम सोडून बघू लागली. शेवटी तोच म्हणाला, "घरी पावसाआधी नाय. बसवा बारापर्यंत. त्याच्या म्होरं नाय."

परतताना बाईंनी सांगितले, त्यांच्याकडे एका सणाला आपण कधीकाळी गुलाम होतो आणि सुटलो, ही गोष्ट सांगतात. पण घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाने प्रश्न विचारल्यावरच. "मोठ्यांना ती पाठच असते हो. तरी पोरानं विचारायची वाट बघायची."

"आज उत्तर मिळालं, पण सुटका कुठे झाली?" मी म्हणालो.

"नाही झाली," त्या म्हणाल्या.

बाई आता नाहीत. मुक्तीवरची भाषणे मी पुष्कळ ऐकली, चार-दोन लिहूनही दिली. त्यांत ती एकदम उजाडते आणि मावळत नाही. मी पाहिलेली मुक्ती रोज सकाळी यायची आणि बाराला संपायची, मग पोर पुन्हा विटांकडे. अर्धीमुर्धी म्हणून मी तिला बरीच वर्षे नाक मुरडले. पण तेवढ्या वेळात त्या मुलीच्या हातांवरचा चिखल वाळून गळून पडे, आणि कोरड्या हातांत पाटी धरता येते.