शेजारच्या चुलीवरचं गोड

आमच्या घरी नाताळ साजरा करायचा, हे मीच ठरवलं होतं. मी गावातल्या शाळेवर शिक्षिका. मनात काही आलं की लगेच त्याचा कार्यक्रम करून टाकायचा, ही आम्हा शाळावाल्यांची खोडच असते.

त्या वर्षी एका संस्थेतर्फे आयर्लंडची एक मुलगी आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आली होती. पगार नाही, काही नाही, स्वखुशीनं आलेली. गावात भाड्याची खोली कुठून मिळणार? आमच्या माडीवरच राहिली. खाली मी आणि माझी आई. जूनमध्ये आली तेव्हा तिला नुसतं 'नमस्कार' येत होतं. दिवाळीपर्यंत ती थेट माझ्या आईच्या तोंडचं मराठी बोलायला लागली. "ताई, मी भाकर खाऊन राह्यले," असं ती शाळेत सगळ्यांसमोर म्हणायची आणि पोरांना शुद्ध भाषा शिकवणाऱ्या माझी पार शोभा व्हायची.

तर घरापासून दूर तिचा हा पहिलाच नाताळ. तिला करमेनासं होऊ नये म्हणून मी मंठ्याच्या बाजारातून फुगे आणले, कागदी चांदणी आणली, केक आणला. अडलं ते झाडापाशी. तसलं झाड आमच्याकडं कुठलं? पण रानात कपाशी उभी होती, शेवटची वेचणी राहिलेली. त्यातलं एक दांडगं झाड बोंडांसकट उपटून आणलं आणि बादलीत माती घालून ओसरीत उभं केलं. फुटलेला कापूस पांढराशुभ्र दिसत होता. बर्फाची हौस आम्ही अशी भागवली. मला माझंच फार कौतुक वाटलं.

सकाळी ती खाली आली. झाड पाहिलं, फुगे पाहिले, "लई छान" म्हणाली, आणि केकला हात न लावता परत वर गेली. दार लागल्याचा आवाज आला.

मला राग आला, खोटं कशाला बोलू? म्हटलं, एवढी धावपळ केली त्याचं हे फळ! आई उन्हात तूर निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दिवाळीपसून पोरगी गोडाला शिवली न्हाई. करंजी न्हाई, लाडू न्हाई. च्या बी बिनसाखरेचा पिऊन राह्यली. तुला दिसलंच न्हाई का?"

"डाएट करत असेल."

"डाएट!" आईनं सूप खाली ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकत उठली.

माडीवर जाऊन ती मुलीशेजारी बसली आणि सरळ म्हणाली, "पोरी, घरी कोन गेलं गं?"

असं कुणी विचारतं का? मी मागून आईचा पदर ओढला. पण मुलगी आईकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आजी."

दिवाळीतच गेली होती. हिला लहानाची मोठी केलेली आजी. घरच्यांनी सांगितलं, तू पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल, येऊ नकोस. नाताळला सगळे आजीच्याच घरी जमायचे. हिनं इथं कुणाला काही सांगितलं नाही, रोज शाळेत आली, पोरांकडून गाणी म्हणून घेतली. फक्त गोड तेवढं घशाखाली उतरत नव्हतं. मग ती माझ्याकडं वळून इंग्रजीत म्हणाली, मला आता इथं राहवेल असं वाटत नाही, मी परत जाते. पोरांचं वर्ष अर्धं राहिलं होतं, पण ते तोंडातून काढायची माझी हिंमत झाली नाही.

"काय म्हनून राह्यली?" आईनं विचारलं. मी सांगितलं.

"जाईल की. आपुन कोन आडवनार? पन आधी तिचा सण तर उठवू. अगं, दुखवटा हाय घरात, आन् आपुन फुगे कशाचे लावून राह्यलो?"

आमच्याकडं घरात कुणी गेलं की त्या घरची गोडाची कढई बंद होते. पुढचा सण आला की बाहेरचं कुणी तरी आपल्या चुलीवरचं गोड आणि नवं कापड घेऊन येतं, घरच्यांना ओळीनं बसवतं, आपल्या हातानं घास भरवतं. मगच ते घर पुन्हा सणाला लागतं. आपलं आपण खाऊन भागत नाही.

मी फुगे काढले. झाड आईनं राहू दिलं. "दूध तापवू का? खीर करते," मी म्हटलं.

"आपली खीर कशी चालंल?" आई म्हणाली. "ती आपल्याच चुलीवरचं खाऊन राह्यली. आपल्या घरची हाय ती."

आणि आई शेजारी गेली. शेजारच्या चाची शिवणकाम करायच्या. ईदला आमच्याकडं शिरखुर्मा यायचा, संक्रांतीला त्यांच्याकडं तीळगूळ जायचा, असा जुना घरोबा. दुपारी चाची आल्या त्या डोक्यावरून ओढणी नीट घेऊन, हातात दुधातल्या शेवयांचं पातेलं आणि काखेत सुती कुडत्याचं कापड.

मला वाटलं होतं, मुलीला पाटावर बसवायचं आणि आम्ही समोर उभं राहायचं. पण आई मुलीच्या डाव्या बाजूला मांडी घालून बसली आणि मला म्हणाली, "उभी काय? तू बी बस."

"मी?"

"दुखवटा आपल्या घरात हाय ना?"

मी बसले. चाचींनी पहिला चमचा मुलीच्या तोंडाशी नेला. "खा बेटा. तुझी आजी होती, तर हमारी बी होती." मुलीनं घास घेतला आणि आईच्या खांद्यावर डोकं टाकून मोठ्यानं रडली. आई रडली. मी कधी न पाहिलेल्या म्हातारीसाठी मीही रडले, आणि रडतारडताच शेवया खाल्ल्या. मग चाचींनी कापड तिच्या मांडीवर ठेवलं आणि तिथंच मापं घेतली.

जायचं नाव पुन्हा तिनं काढलं नाही. शाळेची परीक्षा उरकूनच गेली.

मागच्या पावसाळ्यात आई गेली. मी आयर्लंडला तसं कळवलं. दिवाळीला चाची आल्या. आता त्यांना दिसतं कमी, हात थरथरतो, तरी पातेलं स्वतःच आणलं. मी एकटीच पाटावर बसले. एवढ्यात फोन वाजला. पडद्यावर ती होती, अंगात चाचींनी शिवलेला तोच कुडता.

"ताई, थांबा," ती म्हणाली, "मी बी गोड न्हाई खाल्लं." तिचं मराठी अडखळत होतं. "मला बी बसायचंय."

मी फोन माझ्या डाव्या बाजूला पितळी तांब्याला टेकवून ठेवला. चाचींनी मला घास भरवला, मग चमचा फोनपुढं धरला आणि हसत रडत म्हणाल्या, "आता हिला कसं भरवू गं?"

तिकडून एक पिकल्या केसांची बाई पुढं सरकली आणि तिनं केकचा तुकडा मुलीच्या तोंडात घातला.

"ही शेजारची," मुलगी भरल्या तोंडानं म्हणाली. "केक तिच्या घरचा हाय."