आळंदचं बाळंतपण

शिवगंगाबाईंना पहिलं बाळंतपण माहेरीच हवं होतं. दिवस भरत आले होते, सासरच्या उमरग्याहून आळंदची वाट खडकाळ. सासू शांतम्मा म्हणाल्या, शेजारच्या दगडाबाईनं अर्धं गाव बाळंत केलंय, मग गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची हौस कशाला? पण शिवगंगाबाईंनी जेवण टाकलं. आईच्या हातचं न्हाणं, आईची शेगडी आणि कुणाची नजर नसताना पाय पसरून निजणं, एवढंच त्यांना हवं होतं. शेवटी भाऊ बैलगाडी घेऊन आला. चारुशीला आळंदला जन्मली. तेव्हा आळंद काय नि उमरगा काय, राज्य निजामाचंच.

नवरा मन्मथ मास्तर हुमनाबादच्या शाळेत होते, म्हणून चारू तिथंच वाढली, तिथंच शिकली. मग छप्पन साली राज्यांची वाटणी झाली. हुमनाबाद आणि आळंद म्हैसूरकडं गेलं, उमरगा मुंबईकडं. मास्तरांनी बदली मागून आपलं गाव, उमरगा गाठलं. बिऱ्हाड हललं, एवढंच शिवगंगाबाईंना वाटलं.

चारूला डॉक्टर व्हायचं होतं. सोलापूरला मास्तरांच्या आतेबहिणीकडं राहून ती इंटर सायन्स झाली आणि असे मार्क मिळवले की मास्तर आठवडाभर गल्लीत उगाचच येरझारा घालत होते. शांतम्मांनी तर दगडाबाईला दारातच बजावलं, "आता तुजी रोजी गेली बग."

मेडिकल कॉलेजातून बापलेक परतले ते प्रवेशाविनाच. जागा मोजक्या, त्या इथल्या मुलांसाठी. 'इथली' म्हणजे जन्मानं या राज्यातली, नाहीतर इथं दहा वर्षं राहिलेली. चारूचा जन्म पलीकडचा, शाळा पलीकडची. मुलगी जन्मली तेव्हा हद्दच नव्हती, असं मास्तरांनी परोपरीनं सांगून पाहिलं. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि नियम तोच सांगितला. पुढं मामानं म्हैसूरकडं खटपट केली. तिथं बाप परक्या राज्याचा नोकर निघाला.

तिथलाही नकार आला त्या दिवशी जेवताना शांतम्मा म्हणाल्या, "म्या म्हनलं व्हतं, हितंच बाळंत हो. एवढं आयकलं असतं तर आज पोरगी डाक्टर झाली असती."

मास्तर आईला गप्प करतील म्हणून शिवगंगाबाई थांबल्या. मास्तर खाली मान घालून भाकरी मोडत राहिले. चारूनं ताटावरून न उठता विचारलं, "आई, तुला जायलाच हवं होतं का गं?"

"पहिलटकरणीनं माहेरीच जायचं असतं," शिवगंगाबाई म्हणाल्या.

वर्षभरात चारूचं लग्न झालं. कळंबचं घर, धान्याची आडत, खाऊनपिऊन सुखी. बघायला आले तेव्हा चारूनं मान वर केली नाही. लोकांना वाटलं, लाजाळू आहे. सासरी ती राबायची, पण माहेरी यायची ती सणापुरती, तेही आजीला भेटायला.

तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा शिवगंगाबाईंना कितीतरी दिवसांनी हुरूप आला. माजघरातली खोली सारवली, खिडकीला पडदा लावला, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली, डिंक आणला. सातव्या महिन्यात दुपटी नि डिंकाचा डबा दाखवायला घेऊन एसटीनं स्वतः कळंबला गेल्या. विहीणबाईंनी आनंदानं पाठवायचं कबूल केलं.

चारू दाण्यातले खडे वेचत होती. म्हणाली, "मी इथंच बाळंत होणार."

"तुझी आजी काही बोलणार नाही. मी आहे ना."

"आजीचं नाही."

शिवगंगाबाईंच्या लक्षात आलं. त्या अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाल्या, "अगं, उमरगा आता आपल्याच राज्यात आहे. कळंब आणि उमरगा, जिल्हासुद्धा एकच."

चारूनं सूप झटकलं.

"आज आहे," ती म्हणाली.

विहीणबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना शिवगंगाबाईंनी दुपटी तिथंच ठेवली. डिंकाचा डबा मात्र मांडीवर तसाच राहिला, हे त्यांना एसटी हलल्यावर कळलं.