चौकटीवर चौकट

जामखेडच्या एका कचेरीत रेशनकार्डांसाठी चालतो तो जावा या संगणकभाषेतला वेब प्रोग्राम माझ्या हातचा, त्यामुळे तिथल्या क्लार्कसाहेबांकडे माझी सारखी फेरी असते. पडद्यावर चौकट उघडली की ते ती समोरच्याला मोठ्यानं वाचून दाखवतात आणि त्याच्या तोंडून ‘व्हय’ आल्याशिवाय बटण दाबत नाहीत. एक मिटवावी तर दुसरी उघडते. “लई इचारतंय तुमचं मशीन,” असं ते मला दर खेपेला ऐकवतात. मी म्हणतो, चूक होऊ नये म्हणून.

परवा मी तिथं असताना खर्ड्याची एक बाई नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घेऊन आली. पहिली चौकट साहेबांनी वाचली, कार्ड तुमचंच ना? बाई “व्हय” म्हणाली. दुसरी उघडली: ‘हे नाव कायमचं काढायचं, खात्री आहे?’

साहेबांनी नजर पडद्यावरून बाईकडे वळवली. मग म्हणाले, “यष्टीत बसायला जागा मिळाली का, मावशी?”

“व्हय.”

त्यांनी बटण दाबलं. लगेच तिसरी उघडली: ‘काढलेलं नाव परत आणता येणार नाही. काढायचं?’

“पानी घेता का जरा?”

“व्हय.”

तिसरीही मिटली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरंच झालं.